करवंट्या, रंगाचे डबे आणि ओली भिंत

यंदाच्या पत्रांवर पावसाचे डाग आहेत. काय काय गंजलं, कुजलं, सोललं याची यादीच वाचतोय असं वाटत होतं. नव्या वाचकांसाठी थोडक्यात ओळख: वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं कानस चालवली, आता चरईतल्या आमच्या दोन खोल्यांच्या गॅलरीत चालवतो. कलाकार वगैरे मी नाही. आणि एक विनंती, फोटो पाठवताना वस्तूच्या शेजारी फूटपट्टी ठेवा. ‘छोटासा डबा’ म्हणजे नेमका केवढा, यावरून आमच्या घरी जेवताना वाद होतात.

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला पंधराव्या मजल्यावर राहतो. घराला रंग दिला त्याचे चार लिटरचे दहा डबे उरलेत. ते रंगवून, तारेने खिडकीच्या बाहेरच्या ग्रिलला ओळीने लटकवून त्यात फुलझाडं लावायची आहेत. भोकं कशी पाडायची? कोणता रंग टिकेल?

भोकांकडे येतोच, ताई. आधी वजन करू.

चार लिटरच्या डब्यात वरची कड सोडली तर साडेतीन लिटर माती मावते. लाल माती पाणी पिऊन बसली की लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे एक डबा सहा किलोचा आणि दहा डब्यांचे साठ किलो. एक धट्टाकट्टा माणूस चोवीस तास तुमच्या ग्रिलला लोंबकळतोय असं समजा. ते ग्रिल भिंतीत किती स्क्रूंवर उभं आहे, त्या स्क्रूंच्या गट्ट्या किती जुन्या आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? मला तरी माझ्या घरचं माहीत नव्हतं.

आमच्याकडे डालड्याच्या डब्यात तुळस होती, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या बाहेरच्या बाजूला तारेने बांधलेली. डबा मी हौसेने हिरवा रंगवला होता, वर पांढऱ्या वेलबुट्ट्या. तिसऱ्या पावसाळ्यात तार गंजून तुटली. रंग डब्याला दिला होता, तारेला नाही. तुळस गेली ती थेट खालच्या स्कूटरच्या सीटवर. स्कूटरवर कोणी बसलेलं नव्हतं, हे आमचं नशीब. ज्यांची स्कूटर होती ते शेजारी पुढचं वर्षभर जिन्यात भेटले की माझ्याकडे न बघता तुळशीची चौकशी करायचे. तुमचा तर पंधरावा मजला. तिथून सुटलेला डबा खाली पोचेपर्यंत ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो. तेव्हा ग्रिलच्या बाहेर एकही डबा नको. सोसायटी नोटीस लावते म्हणून नव्हे, खाली मुलं खेळतात म्हणून.

डबे आत ठेवा. खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर किंवा गॅलरीत जमिनीवर, दोन पायऱ्यांच्या लाकडी मांडणीवर. मातीत निम्मं कोकोपीट मिसळलंत तर डबा चार किलोवर येईल आणि कामवाल्या मावशींना झाडताना सरकवता येईल.

आता भोकं. सगळे जण डबा उपडा घालून तळावर खिळा ठोकतात. तसं केलं की पत्रा आत वळतो आणि भोकाभोवती आतल्या बाजूने ओठ उभा राहतो. त्या ओठाच्या उंचीएवढं पाणी कायम तळाशी साचून राहतं, तिथूनच गंज चढतो आणि मुळंही तिथेच कुजतात. म्हणून आतून बाहेर ठोकायचं. फूटभर लांबीची सळई घ्या, एक टोक कानशीने किंवा लोहाराकडून अणकुचीदार करून घ्या. डबा सुलटा ओल्या रेतीच्या घमेल्यात ठेवा, म्हणजे तळ पिचकत नाही. सळई आत उभी धरून वरून हातोडी मारा. एक भोक मध्ये, चार कडेने. ओठ बाहेरच्या बाजूला येतील, डबा त्यांच्यावर जरासा उचललेला राहील आणि पाणी निघून जाईल. ओठ धारदार असतात, कानशीचे दोन हात त्यांच्यावर मारा.

रंगाआधी आतून-बाहेरून रेड ऑक्साइड प्रायमर, दोन हात. भोकांच्या कडांना विसरू नका, गंज तिथूनच आत शिरतो. बाहेरून ऑइलपेंट कोणताही चालेल, पण पश्चिमेची खिडकी असेल तर फिकटच रंग घ्या. काळा किंवा गर्द निळा डबा एप्रिलमध्ये इतका तापतो की मुळं शिजतात. ऑफिस टाइम, सदाफुली मजेत येतील. कोथिंबीर, पुदिना मात्र रंगाच्या डब्यात नको.

प्रश्न: ऐरोलीत आमची हॉलची खाडीकडची भिंत खालून तीन फुटांपर्यंत पोपडे धरते. दर वर्षी रंग देणं परवडत नाही. त्यावर विटांच्या डिझाइनचा चिकटणारा वॉलपेपर लावला तर झाकलं जाईल का?

झाकलं जाईल, दिवाळीपर्यंत. मग कोपऱ्यातून एक कड उचलेल, तुम्ही ती फेविकॉलने दाबाल, आणि जानेवारीत सगळा कागद रंगाचा पापुद्रा पाठीवर घेऊन खाली येईल. मागे काळी बुरशी असेल ती वेगळीच.

आधी पाणी कुठून येतंय ते बघा. याला खर्च नाही. तांदळाच्या रिकाम्या पिशवीतून फूटभर चौकोनी प्लास्टिक कापा, पारदर्शक असेल तर उत्तम. पोपडे खरवडून भिंतीची ती जागा कोरडी पुसा, प्लास्टिक लावा आणि चारही बाजू रुंद चिकटपट्टीने हवाबंद करा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव धरलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून प्लॅस्टरला गेलेला तडा, फुटका पाइप किंवा पायातून वर चढणारी ओल, यांपैकी काहीतरी. त्यावर सजावट नाही, गवंडी लागतो. दव वरच्या बाजूला, खोलीकडे आलं तर ओल तुमच्या घरातली आहे. कपडे आत वाळत घालत असाल, स्वयंपाकाची वाफ कोंडत असेल. मग खिडकी उघडी ठेवा आणि सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, निम्मं काम होतं.

तोवर शोभा हवीच असेल तर भिंतीला चिकटणारं काही नको, भिंतीपुढे उभं राहणारं करा. बांबूच्या तीन काठ्या उभ्या, दोन आडव्या, काथ्याने घट्ट बांधायच्या. त्यावर जुनी सुती साडी ताणून शिवायची, काठ वर येतील अशी. हा पडदा भिंतीपासून दोन इंच सोडून उभा करायचा आणि वरून एका हुकाला अडकवायचा, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने पडत नाही. मागून हवा खेळते, भिंत सुकते. माझा बांबूचा खर्च दोनशेच्या आत बसला. साडी घरची, पण ती कोणती घ्यायची हे घरात विचारून घ्या. मी न विचारता घेतली होती. त्याचा खर्च मी इथे धरलेला नाही.

प्रश्न: मी आठवीत आहे, सानपाड्याला राहते. आमच्या शाळेच्या दिवाळी स्टॉलवर करवंट्यांच्या पणत्या आणि छोट्या कुंड्या ठेवायच्या आहेत. आजी म्हणते करवंटी घासून गुळगुळीत होते, पण माझी होत नाहीये.

आजी बरोबर सांगते, तिने फक्त क्रम सांगितला नाही. नारळ फोडतानाच सुरुवात होते. दगडावर आपटून फोडलास तर वेडीवाकडी फुटते. करवंटीच्या मधोमध पेन्सिलीने रेघ मार आणि त्या रेघेवर कोयत्याच्या पाठीने, नारळ फिरवत फिरवत, हलके ठोके दे. हे काम बाबांना किंवा आजीलाच करू दे. तीन-चार फेऱ्यांत टच्‌ असा वेगळा आवाज येतो आणि रेघेवर तडा जातो.

खोबरं काढलं की करवंटी रात्रभर पाण्यात ठेव. सकाळी बाहेरचे केस काचेच्या तुकड्याने नाही, जुन्या सुरीच्या बोथट बाजूने खरवड. मग पॉलिश पेपर, 80 नंबर आधी. तू बहुतेक थेट बारीक कागदावर गेलीस, म्हणून केस बसून राहिले आणि हात दुखले. 80 ने केस आणि उंचवटे जातात, 120 ने 80 चे ओरखडे जातात, 220 ने 120 चे. आधीच्या कागदाचा एकही ओरखडा दिसेनासा होईपर्यंत पुढच्यावर जायचं नाही. नाकाला रुमाल बांध, ती धूळ फार बारीक असते. शेवटी खोबरेल तेलाचे चार थेंब सुती फडक्यावर घेऊन चोळ. मळकट तपकिरी रंगातून असा गडद, चकचकीत, शिसवीसारखा रंग वर येतो की तुला एक करवंटी घरी ठेवावीशी वाटेल. ठेव.

कुंडीसाठी डोळ्यांची अर्धी घे. नारळाच्या तीन डोळ्यांतला एक मऊ असतो, कोंब त्यातूनच बाहेर येतो. तो काडीने टोकरलास की पाणी जायला भोक तयार, ड्रिल नको. पणतीसाठी दुसरी अर्धी, बिनडोळ्यांची. पण तेल-वात थेट करवंटीत ठेवू नकोस, करवंटी पेटते आणि चांगली धगधगते, पूर्वी न्हाणीघरातला बंब उगाच तिच्यावर तापवत नव्हते. आत दोन बोटं रेती भर, त्यावर मातीची छोटी पणती. ज्योत करवंटीच्या कडेच्या वर राहिली पाहिजे. स्टॉलवर तशी सूचनाही लिही. बुडाला बांगडीचा तुकडा नको, पूर्ण बांगडी चिकटव, मग ती डुलत नाही.

प्रश्न: नव्या कपाटाचे पैसे नाहीत म्हणून आजोबांच्या वेळचं लाकडी कपाट घासून पांढरं करायचं ठरवलंय. रंगाचे पाच-सहा थर आहेत. घासायला मशीन भाड्याने घेऊ का? सुनेला सातवा महिना आहे, बाळ यायच्या आत उरकायचंय. (कळवा)

मशीन नको आणि घाईही नको. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नसावं हा आपल्याकडचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटात, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं कितीही असू शकतं. मशीनने कोरडं घासलंत की ते पिठासारखं घरभर उडतं. गरोदर बाई आणि तान्हं मूल, दोघांनाही ते बाधतं. ब्लोटॉर्चने जाळणं तर त्याहून वाईट.

थर घट्ट असतील तर काढूच नका. सूनबाईंना चार दिवस माहेरी जाऊ द्या, दाराखिडक्या उघडा, खाली प्लास्टिक अंथरा. वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून पृष्ठभाग फक्त खरखरीत होईल इतपतच ओला घासा. गाळ ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या, झाडू मारू नका. खड्ड्यांत लांबी भरा, प्रायमरचा एक हात, वर पांढऱ्याचे दोन. जिथे रंग आपसूक सुटतोय ते कपाट बाळाच्या खोलीत ठेवू नका, रंगवलं तरी.

प्रश्न: जुना टॉवेल सिमेंटच्या पाण्यात बुडवून उपड्या बादलीवर टाकला आणि कुंडी केली. छान झाली, पण आठ दिवसांत तडे गेले आणि जास्वंद पिवळी पडली. हाताची सालंही निघाली. (नेरूळ)

तिन्ही एकाच घाईतून झालं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. तुम्ही ती कडक उन्हात वाळवलीत. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, नव्या स्लॅबवर पाणी मारतात ना, तसं. त्यानंतर आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, पाणी एकाआड एक दिवस बदला. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, जास्वंदीला तो अजिबात मानवत नाही. आणि रबरी हातमोजे घाला. ओलं सिमेंट कातडी खातं, आणि ते लगेच कळत नाही. टॉवेल मात्र जाडच हवा, तो तुमचा बरोबर होता.

प्रश्न: कोपरीत आमच्या चाळीत पूर्वी सगळे मिळून कंदील करायचे. आता मुलांना घेऊन घरीच करायचाय, पण आठवत नाही. कामट्यांची संख्या आणि मापं सांगाल का?

सांगतो, आणि हे सांगताना मला फार बरं वाटतंय.

चोवीस कामट्या, सगळ्या आठ इंची, केसभरही कमीजास्त नको. टूलरूमचा माणूस आहे म्हणून सांगत नाही, एक काडी पाव इंच मोठी झाली तरी कंदील मान वाकडी करून बसतो. काड्या कापायच्या आधी बांबू तासभर भिजवा, म्हणजे चिरत नाही. चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधा. आता चार चौकोन शंकरपाळ्यासारखे कोनावर उभे करा आणि शेजारच्यांचे कोन एकमेकांना बांधा, गोल फेरा पुरा होईल. वर चार टोकं निघालेली दिसतील, त्यांना पाचवा चौकोन आडवा बांधा. खालच्या चार टोकांना सहावा. मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी काडी लागत नाही. मुलांना हे आधी सांगू नका. शेवटची गाठ मारल्यावर त्यांचं त्यांनाच दिसू द्या. आठ इंची काडीचा कंदील सव्वाअकरा इंच उंच होतो, शेपट्या सोडून.

गाठीला सुती दोरा, नायलॉन नको, तो सरकतो. खळ मैद्याची: दोन चमचे मैदा, एक कप पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. जुने लोक तिला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, मुलं बोटाने खळ लावणार असतील तर घालू नका, चार दिवसांपुरती खळ ताजीच करा. पतंगी कागद चौकोनांना एका रंगाचा, त्रिकोणांना दुसऱ्या. कागद काडीपेक्षा अर्धा इंच मोठा कापून कड आत दुमडा. वरचा चौकोन उघडा ठेवा, उष्णता जायला. खालचाही उघडा, हात घालून बल्ब बदलायला. बल्ब पाच वॉटचा एलईडी. आमच्या लहानपणी साठचा पिवळा बल्ब असायचा आणि दर वर्षी चाळीत कुणाचा तरी कंदील करपायचाच.

परतीच्या पावसाचा भरवसा नाही. वायरच्या जोडाला चिकटपट्टी गुंडाळा, आणि ढग आले की कंदील आत घ्यायचं काम एका मुलाकडे नावानिशी द्या.

प्रश्न: अहो काका, तुमचं ऐकून मी बाटल्यांना सुतळी गुंडाळून मनी प्लँट लावला. जुलैत सुतळीला पांढरी लव आली, ऑगस्टमध्ये वास, सप्टेंबरमध्ये डास. बाटल्या परत पाठवू का? (नौपाडा)

पाठवू नका, मीच येऊन नेतो, नौपाड्यातून चरईला रिक्षाही लागत नाही. चूक माझी आहे. मी मार्चमध्ये लिहिलं आणि पावसाचं नाव काढलं नाही. सुतळी म्हणजे ताग, ती ओल धरून ठेवते आणि कुजते. गॅलरीत काथ्या गुंडाळायचा, तो पाण्याला बराच दाद देत नाही, नाहीतर नारळाच्या सालापासून होड्यांचे दोर वळलेच नसते. तो टोचतो आणि दिसायला रांगडा असतो, तेवढं चालवून घ्या. सुतळीच्या बाटल्या घरात, पुस्तकांच्या फळीवर.

डासांचं वेगळं आहे, तो सुतळीचा दोष नाही. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत होतं, म्हणून बाटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा बदलायचंच. ओतून टाकताना आतली काच बाटलीच्या ब्रशने घासा, अंडी काचेला चिकटून राहतात. आमच्याकडे दर शनिवारी पाणी बदलतात. शनिवार का, तर शुक्रवारी विसरतो म्हणून.